अयन नेमकं कुठे सापडतं: राष्ट्रीय पंचांग, घरातलं पंचांग आणि एक मीटरची काठी

सूर्याच्या चालीला धरून वर्ष जगायचं तर घरात एखादं साधन लागतं. त्यासाठी मराठी घरात पंचांग आहेच, भिंतीवर दिनदर्शिका आहे, आता मोबाइलवरही पंचांग आहे. पण २२ डिसेंबरच्या आसपास घरातल्या कुणी विचारलं, की उत्तरायण आज सुरू झालं की संक्रांतीला होणार, तर या तिन्हींतून मिळणारी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून हे परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे: अयन (सूर्याचं उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळणं), ऋतू आणि आपल्या गावचा सूर्य या तीन गोष्टी कोणतं साधन किती नीट दाखवतं. मुहूर्त, गुणमेलन, राशिभविष्य यांचा इथे विचार नाही.

आधी मूळ घोळ समजून घ्यायला हवा, नाहीतर कोणतंच पंचांग नीट वाचता येणार नाही. सूर्य दक्षिणेकडे जाता जाता थांबतो आणि उत्तरेकडे वळतो तो क्षण आकाशात मोजता येतो. २०२५ साली तो २१ डिसेंबरला रात्री ८:३३ ला आला, २०२६ साली तो २२ डिसेंबरच्या पहाटे २:२० ला आणि २०२७ साली २२ डिसेंबरला सकाळी ८:१२ ला येतो. दर वर्षी पावणेसहा तासांच्या आसपास पुढे, मग लीप वर्षाचा एक दिवस त्याला मागे ओढतो, म्हणून तारीख २१-२२ मध्येच राहते. हे सायन गणित: ऋतूंना बांधलेलं. मकरसंक्रांत मात्र निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांना बांधलेली. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे या दोन गणितांत साधारण ७२ वर्षांत एक अंशाचं, म्हणजे जवळजवळ एका दिवसाचं अंतर पडत जातं. आज ते अंतर २४ अंशांच्या थोडं पुढे आहे; यालाच अयनांश म्हणतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही एकत्र होते; तेव्हा संक्रांत आणि उत्तरायण हा खरोखरच एक दिवस होता. तेव्हापासून संक्रांत पुढे सरकत राहिली आणि 'उत्तरायण' हे नाव ती सोबत घेऊन गेली.

हे समजलं की संक्रांत चुकीची असं म्हणायची गरज उरत नाही. ती वेगळ्या गोष्टीची खूण आहे, एवढंच.

राष्ट्रीय पंचांग

ऋतूच्या कसोटीवर हेच पहिलं. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून भारतीय सौर दिनदर्शिका अमलात आली. आकाशवाणीवर 'भारतीय सौर' म्हणून जी तारीख सांगतात ती हीच. तिचं पंचांग कोलकात्याचं खगोल विज्ञान केंद्र काढतं. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघतं.

याची खरी किंमत महिन्यांच्या रचनेत आहे. १ चैत्र वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्याला, लागून २२ मार्चला (लीप वर्षी २१). १ आषाढ २२ जूनला. १ आश्विन २३ सप्टेंबरला. १ पौष २२ डिसेंबरला. वर्षाचे चारही खांब महिन्याच्या पहिल्या तारखेवर रोवलेले आहेत. उत्तरायण कधी लागतं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. सौर पौष लागला की उत्तरायण लागलं. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा तिची गती मंदावते, म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्याचा अर्धा भाग खरोखरच लांब असतो. महिन्यांच्या दिवसांची वाटणी त्याला धरून केलेली आहे.

ऋतूंची विभागणी इथे शाळेत शिकलेल्यापेक्षा वेगळी आहे आणि पहिल्यांदा वाचणारा इथेच अडखळतो. शाळेत चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. राष्ट्रीय दिनदर्शिकेत फाल्गुन-चैत्र म्हणजे वसंत (२० फेब्रुवारी ते २० एप्रिल), वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म (२१ एप्रिल ते २१ जून), आषाढ-श्रावण वर्षा, भाद्रपद-आश्विन शरद, कार्तिक-अग्रहायण हेमंत आणि पौष-माघ शिशिर (२२ डिसेंबर ते १९ फेब्रुवारी). महाराष्ट्राच्या हवेशी ताडून पाहिलं तर हीच वाटणी पटते. पळस-पांगारा फुलतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि मराठीत 'वैशाख वणवा' म्हणतात. वणव्याचा महिना वसंतात बसवायला भाषाच तयार नाही. पाऊसही २२ जूनच्या वर्षाऋतूशी बऱ्यापैकी जुळतो, कोकणात थोडा आधी आणि विदर्भात त्याच सुमाराला. शेतकऱ्याचं आर्द्रा नक्षत्रसुद्धा २१-२२ जूनलाच लागतं, म्हणजे दक्षिणायनाच्या उंबरठ्यावर. हा सध्याचा योगायोग आहे. नक्षत्रं निरयन असल्यामुळे तीही ७२ वर्षांना एक दिवस सरकणारच. पण आज तरी मृग संपतं तिथे सूर्य उत्तरेकडची चाल संपवतो, हे शेताच्या बांधावर लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता जिथे चूक होते ते. या पंचांगाचं गणित एका मध्यवर्ती स्थळासाठी आहे: ८२ अंश ३० कला पूर्व रेखांश आणि २३ अंश ११ कला उत्तर अक्षांश. भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश आणि उज्जैनचा अक्षांश यांचा तो छेद आहे. देशभरासाठी एकच आधार म्हणून हे योग्य, पण त्यातला सूर्योदय जसाच्या तसा मुंबई-पुण्यात धरला तर चुकतो. मुंबई त्या रेखांशाच्या सुमारे ९.६५ अंश पश्चिमेला आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर ३९ मिनिटांचा फरक. पण तेवढ्यावर थांबूनही चालत नाही, कारण अक्षांशही वेगळा आहे. डिसेंबरात मुंबईचा सूर्योदय मध्यवर्ती स्थळापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने उशिरा, तर जूनमध्ये जवळजवळ पाऊण तासाने. जो एकच सरसकट आकडा मिळवतो त्याचं दोन्ही अयनांना चुकतं. सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावर व्रत ठरत असेल, तर हा अर्धा-पाऊण तास एकादशी एका दिवसाने हलवू शकतो. म्हणून स्थानिक सूर्योदयासाठी हे पंचांग वापरू नये. ऋतू आणि अयन यांसाठी वापरावं.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: सौर महिने सायन असले तरी याच पंचांगात मकरसंक्रांत मात्र १४-१५ जानेवारीलाच सापडते. सण निरयन, दिनदर्शिका सायन. एकाच पानावर 'सौर पौष २४' आणि 'मकरसंक्रांत' शेजारी दिसतात तेव्हा छपाईची चूक समजू नये. त्याच पानावर चांद्र पौष किंवा माघही असतो. 'सौर' हा शब्द वाचायचा राहिला की दोन पौष एकमेकांत मिसळतात. नव्या वाचकाची सर्वांत मोठी गफलत हीच.

घरातलं पंचांग

सोलापूरचं दाते पंचांग आणि त्याच्यासारखी इतर चित्रापक्षीय (चित्रा ताऱ्याच्या आधाराने अयनांश मोजणारी) पंचांगं ही घराघरात चालणारी. तिथी, नक्षत्र, व्रतं यांसाठी त्यांना पर्याय नाही. अयनासाठी ती वापरता येतात का? येतात, पण शोधावं लागतं. २१ किंवा २२ डिसेंबरच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'सायन मकर', 'उत्तरायणारंभ' किंवा 'सौर शिशिर ऋतुप्रारंभ' अशी बारीक नोंद बहुधा सापडते, आणि २१ जूनच्या ओळीत 'दक्षिणायनारंभ'. संक्षेपांची सूची सुरुवातीच्या पानांत असते. ती न वाचता थेट महिन्याच्या पानावर गेलं तर ही नोंद नजरेतून निसटते. त्याच पानांत गणित कोणत्या गावासाठी आहे तेही दिलेलं असतं. ते गाव आणि आपलं गाव यांच्यातला फरक काढून पानाच्या कडेला पेन्सिलीने एकदाच लिहून ठेवावा.

टिळक पंचांगाची बाब वेगळी आणि फार रंजक आहे. त्यात अयनांश रेवती ताऱ्यापासून मोजतात, त्यामुळे चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंश कमी भरतात आणि संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. शेजारच्या घरात तिळगूळ १४ ला आणि इथे १० ला, याचं कारण एवढंच आहे. दोन्ही पक्ष ताऱ्यांनाच धरून आहेत. वाद फक्त कोणत्या ताऱ्यापासून मोजायचं याचा. खऱ्या अयनाच्या जवळ कोण, असं विचारलं तर टिळक पंचांग चार दिवसांनी जवळ आहे, पण पोहोचलेलं तेही नाही. एकोणिसाव्या शतकात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला होता, तो नेमका ही दरी मिटवण्यासाठी. लोकांनी ते उचललं नाही. सणाची सवय गणितापेक्षा चिवट असते आणि त्यात काही वाईट नाही. पण त्या तिघांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे राष्ट्रीय दिनदर्शिकेचे महिने पाहिले की कळतं.

चांद्रतिथी ऋतूंपासून किती हलतात हे पंचांग हातात असल्याशिवाय लक्षात येत नाही. चातुर्मास हा दक्षिणायनाचा काळ, देव निजण्याचा. पण आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, दक्षिणायन लागल्यावर पंधरा दिवसांनी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला, म्हणजे चौतीस दिवसांनी. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही तेच लागू. रथसप्तमी २०२४ मध्ये १६ फेब्रुवारीला होती, तेव्हा संक्रांतीपासून बत्तीस दिवस मिळाले. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीला होती आणि अकराच दिवस मिळाले. वाणाची खरेदी, सुगडं, बोलावणी यांचं नियोजन करायचं तर ही तारीख नवं पंचांग आल्याबरोबर पाहून ठेवावी. डिसेंबरात पाहायला गेलं तर उशीर झालेला असतो.

मोबाइलवरची पंचांगं

थोडक्यात: तीन सेटिंग तपासल्याशिवाय एकही तारीख खरी मानू नये. गाव आपलं आहे का. महिना 'अमांत' आहे का. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, पण उत्तरेकडची पद्धत पौर्णिमांत असते आणि तसं सेटिंग राहिलं तर प्रत्येक कृष्णपक्ष पुढच्या महिन्याच्या नावाने दिसतो. आणि अयनांश कोणता निवडला आहे. तो बदलला की संक्रांतीची वेळ तासांनी आणि दिवसांनी हलते. हे तिन्ही बरोबर असेल तर स्थानिक सूर्योदयासाठी मोबाइल छापील पंचांगापेक्षा अचूक. परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी तर तोच एक मार्ग आहे, कारण भारताची तिथी लंडन किंवा न्यू जर्सीच्या सूर्योदयाला लागू होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: डिसेंबरात सूर्य उत्तरेकडे वळतो हे तिथेही खरं, पण त्यांचा तो सर्वांत मोठा दिवस आणि ऐन उन्हाळा असतो. तिळगूळ वाटावा, बाजरीची भाकरी आणि तिळाचा मारा मात्र तिथल्या हिवाळ्यासाठी, जूनसाठी ठेवावा.

काठी

या परीक्षणात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जुनं साधन. शंकू म्हणजे उभी काठी. अयन शोधण्याची हीच मूळ रीत. एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा पाइप, गच्चीवर किंवा अंगणात सपाट जागा, ओळंबा, पाणसळ आणि खडू एवढं पुरतं.

काठी ओळंब्याने दोन बाजूंनी सरळ करायची आणि जमीन पाणसळीने तपासायची. हे टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं: काठी उत्तरेला किंवा दक्षिणेला एका अंशाने कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरांच्या आसपास चूक पडते. मग स्थानिक माध्यान्ह साधायचा. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. २२ डिसेंबरला तो मुंबईत १२:३७, पुण्यात १२:३३, कोल्हापुरात १२:३१, सोलापुरात १२:२५ आणि नागपुरात १२:१२ च्या सुमारास येतो. आणि तो स्थिरही नसतो: पुण्यात १ डिसेंबरला १२:२४, ११ जानेवारीला १२:४२. चाळीस दिवसांत अठरा मिनिटं. ज्यांनी एकच वेळ धरून रोज खूण केली त्यांच्या खुणा ओळीत न येता तिरक्या जातात, ते यामुळे.

पुण्यात १०० सेंमी काठीची माध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंमी, विषुवदिनी साडेतेहतीस, आणि २१ जूनला जेमतेम साडेआठ, तीही दक्षिणेकडे. हे शेवटचं अनेकांना खरं वाटत नाही. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मे ते जुलै सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जाऊन परत येतो. जाताना आणि येताना एकेक शून्य सावली दिवस: मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, नागपुरात २६ मेच्या आसपास आणि जुलैच्या मध्यानंतर. जुलैचा दिवस ढगांत जातो, म्हणून मेचा साधावा. नागपुरात डिसेंबरची सावली ९८-९९ सेंमी, काठीइतकीच. मुलांना दाखवायला ही जागा उत्तम.

पण काठीने २२ डिसेंबर हा दिवस थेट पकडता येत नाही, आणि इथेच अनेकांची निराशा होते. अयनाच्या दहा दिवस आधी किंवा नंतर सावली फक्त सेंटिमीटरभर बदलते, आणि सूर्य बिंदू नसून थाळी असल्याने सावलीची कडाच त्याहून जास्त धूसर असते. उपाय जुनाच आहे: अयनाच्या वीस दिवस आधी खूण करायची, समजा १ डिसेंबरला ८५ सेंमी. मग सावली लांबत जाऊन पुन्हा त्याच खुणेवर कधी येते ते पाहायचं. ती ११ जानेवारीच्या सुमारास येते. दोन्हींच्या बरोबर मधला दिवस म्हणजे अयन. एखाद्या दिवशी आकाश ढगाळ निघालं तरी अडू नये म्हणून १, ३, ५ डिसेंबर अशा दोन-तीन खुणा करून ठेवाव्यात.

सावली मोजणं जमत नसेल तर उगवतीची जागा पाहावी. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरातला सूर्य ठीक पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमधला तेवढाच उत्तरेला. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे सहा महिन्यांत पाच मुठींचा प्रवास. खिडकीतून कोणत्या इमारतीमागून किंवा डोंगरामागून सूर्य वर येतो ते टिपलं की वर्षभराचं पंचांग खिडकीतच तयार होतं. टोकाला पोचल्यावर तो दोन आठवडे जवळजवळ तिथेच उगवत राहतो, मग परत फिरतो.

या साधनांतून काय जगता येतं

अयनाला जो आध्यात्मिक अर्थ आपल्याकडे आहे, तो या थांबण्याशी जोडलेला दिसतो. भीष्म शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहतात. गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायणाचे सहा महिने प्रकाशाच्या वाटेत मोजले आहेत, दक्षिणायनाचे धुराच्या वाटेत. उत्तरायण देवांचा दिवस, दक्षिणायन देवांची रात्र. या कल्पना वाचताना लोक उत्तरायण म्हणजे चढती शक्ती असं सरळ समीकरण मांडतात. आयुर्वेद नेमकं उलट सांगतो आणि ते विसरू नये: अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत उत्तरायण हा आदानकाळ आहे, सूर्य शरीराचं बळ खेचून घेतो, शिशिरात कडू, वसंतात तुरट आणि ग्रीष्मात तिखट रस वाढतो. दक्षिणायन हा विसर्गकाळ, बळ परत देणारा. म्हणजे डिसेंबरच्या वळणावर बळ शिखरावर असतं आणि इथून पुढे सहा महिने ते उतरणार असतं. तीळ, गूळ, तूप, बाजरी हा साठा तेव्हा करायचा तो यासाठी. प्रकाश वाढतो आणि देहाचं बळ ओसरतं, हे एकाच वेळी घडतं. उपासनेसाठी हा काळ का निवडला याचं उत्तर मला या जोडीतच दिसतं.

आता पंचांग आणि काठी शेजारी ठेवली तर दिसतं, की खरं अयन आपल्या परंपरेतून हरवलेलं नाही. ते धुंधुरमासात आहे. सूर्य धनु राशीत असतानाचा, १६ डिसेंबर ते १४ जानेवारीचा हा महिना. पहाटे उठून पूजा आणि सूर्योदयालाच मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत असं जेवण. २२ डिसेंबर या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच येतो. ऋतुचर्येत ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगितले आहेत: सरत्या ऋतूचे सात, लागत्या ऋतूचे सात, आणि या काळात जुना आहार हळूहळू सोडून नवा हळूहळू धरायचा. सायन गणिताने हेमंत-शिशिराची संधी १५ ते २८ डिसेंबर. धुंधुरमासाची सुरुवात तिच्यावर जवळजवळ बरोबर बसते.

हे साधण्यासाठी वेळेचं एक बारीक ज्ञान लागतं. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त मुंबई-पुण्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात दिवस सुमारे ७ मिनिटांनी वाढतो, पण ती वाढ सगळी संध्याकाळी: सूर्यास्त सुमारे चौदा मिनिटांनी पुढे जातो आणि सूर्योदयसुद्धा सातेक मिनिटांनी उशिराच होतो. धुंधुरमासात रोज तीच वेळ धरून उठणारा शेवटच्या आठवड्यात सूर्योदयाआधीच ताटावर बसतो. सूर्योदयाची वेळ रोज पंचांगात पाहावी किंवा तीन-चार दिवसांनी एकेक मिनिट पुढे सरकावी.

'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' ही म्हणही मग नेमकी वाटते. अयनाच्या दिवशी वाढ काही सेकंदांचीच, डोळ्याला न दिसणारी. संक्रांतीपर्यंत ती जाणवू लागते, आणि मार्चमध्ये रोज एक मिनिटापर्यंत पोचते. तीळ हे माप तिथे शोभतं.

भोगीच्या भाजीतही ऋतूचा हिशोब आहे. सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे तुकडे, वर तिळाचं कूट: हे सगळं त्या पंधरवड्यात शेतातून येणारं. बाजारात बारा महिने मिळणारे फ्रोझन दाणे घालून ती करता येते, पण सोलाणा कोवळा नसेल तर भाजीला मिळून येण्यासाठी वेगळं वाटण घालावं लागतं आणि चव जड होते. कोवळे दाणे शेवटी घालावेत, कंद आधी. सगळं एकदम टाकलं तर गाजर कच्चं आणि बोर विरघळलेलं, असं होतं.

काय घ्यावं

एकच घ्यायचं असेल तर आपल्या घरात चालत आलेलं पंचांग, आणि त्यात सायन नोंदींवर रंगीत खूण. दोन घेता आली तर त्याच्या जोडीला राष्ट्रीय पंचांग. पहिलं चंद्रासाठी, दुसरं सूर्यासाठी. नुसती भिंतीवरची दिनदर्शिका पुरत नाही, तिच्यात ऋतू एका शब्दात उरकलेला असतो. आणि काठी प्रत्येक घराने निदान एका वर्षी लावावी, कारण पंचांगातली ओळ आणि अंगणातली सावली जुळली की मगच तो आकडा आपला होतो.

खरेदीचा काळही ध्यानात ठेवावा. दिनदर्शिका १ जानेवारीपासून, घरचं पंचांग गुढीपाडव्यापासून, राष्ट्रीय पंचांग १ चैत्रापासून म्हणजे २२ मार्चपासून सुरू होतं. त्यामुळे डिसेंबरातलं उत्तरायण जुन्याच पंचांगात असतं, आणि पाडव्याला नवं आलं म्हणून जुनं लगेच रद्दीत देऊ नये: मागच्या डिसेंबरच्या पानावर कडेला लिहिलेले सूर्योदयाचे फरक आणि सावलीच्या खुणा नव्या पंचांगात उतरवून घेतल्या की मगच ते द्यावं.